नदीचं काम सुरू करताना: नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

नदीसाठी काहीतरी करावं असं मनात आलं की डोळ्यांपुढे पहिलं चित्र येतं ते स्वच्छता मोहिमेचं. रविवारची सकाळ, हातमोजे, पोती, शे-दोनशे माणसं आणि दुपारपर्यंत ट्रकभर कचरा. आमच्या गटानंही सुरुवात अशीच केली. त्या दिवशी काठ लख्ख दिसला. पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन पाहिलं, तर झाडांच्या खालच्या फांद्यांना पुन्हा तेवढ्याच पिशव्या लटकत होत्या. पाणी तर त्या रविवारीही काळंच होतं, आमचं लक्ष फक्त पिशव्यांकडे होतं. कचरा डोळ्यांत भरतो, पण नदीचा श्वास कोंडतो तो बहुतेक वेळा सांडपाण्यानं. म्हणून या लेखात सफाईचा क्रम बराच उशिरा लागतो. आधी घाण येते कुठून ते शोधायचं, मग ती थांबवायची, आणि हे दोन्ही काठावरच्या माणसांना सोबत घेऊनच करायचं.

पहिली पायरी: चाला

उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, नदीकाठानं चालायला सुरुवात करा. तेव्हाच पाइपांची तोंडं उघडी पडतात. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जातं आणि नदी आहे त्यापेक्षा बरी वाटते. चार-पाच जणांचा गट पुरतो. दिवसाला तीन-चार किलोमीटरपेक्षा जास्त घाई करू नका आणि दोन्ही काठ चाला, कारण एका काठावरून समोरचं निम्मं दिसतच नाही.

नदीत येऊन मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला, प्रत्येक पाइपला एक क्रमांक द्या. फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा, दिवस आणि वेळ लिहा. पाण्याचा रंग, वास, फेस, सगळं लिहा. राखाडी, दुधाळ पाणी म्हणजे घराघरांतलं ताजं सांडपाणी. तेच वाटेत कुजलं की काळं पडतं. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, त्या जागी ऑक्सिजन संपलेला आहे. तासातासानं रंग बदलत असेल तर वरच्या अंगाला कारखाना किंवा रंगकाम शोधा. म्हणूनच महत्त्वाच्या तोंडांवर एकदा पहाटे, एकदा दुपारी आणि एकदा रात्री जायला हवं. कितीतरी पाइप दिवसभर कोरडे असतात आणि अंधार पडल्यावर वाहू लागतात.

साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर लगेच 'तेल' लिहू नका. काडीनं तो तवंग ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले, तर तो लोहजिवाणूंचा नैसर्गिक पापुद्रा असतो. तुकडे पुन्हा एकमेकांत मिसळून सलग झाले, तर ते तेल.

चांगलंही नोंदवा. तळातून जिवंत झरा कुठे फुटतो, खोल डोह कुठे शिल्लक आहे, काठाची माती अजून झाडांच्या मुळांनी कुठे धरून ठेवली आहे. पुढे नदी सावरू लागते ती याच जागांपासून, त्यामुळे त्या आधी राखायच्या.

आणि चालताना सोबत नदीवर आयुष्य काढलेलं माणूस हवंच. मासे धरणारा, नाव चालवणारा, कपडे धुणारी, काठावर शेती करणारी. पूर्वी कोणते मासे मिळायचे, कोणत्या डोहाचा तळ लागत नसे, पाणी प्यायचं कधी सोडलं, असं विचारत चला. 'धाकटा मुलगा चालायला लागला त्या वर्षापासून हे पाणी घरात आणणं बंद केलं' हे वाक्य प्रयोगशाळेच्या कुठल्याही अहवालात मिळत नाही. त्यावरून वर कुठे, कधी काय उभं राहिलं याचा माग काढता येतो.

दुसरी पायरी: मोजा

आकडे नसले की बैठकीत मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचं खरं ठरतं. आणि मोजायला फार मोठं यंत्र लागत नाही.

सगळ्यांत उपयोगी मोजमाप म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. 20 अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. 5 च्या खाली गेला की बहुतेक माशांचे हाल सुरू होतात आणि 2 च्या खाली मोजकेच जीव तगतात. साध्या किटनंही हे मोजता येतं.

नवखी माणसं इथे दोन चुका हमखास करतात. पहिली वेळेची. भर दुपारी मोजलं तर हिरवं, शेवाळी पाणी फसवतं. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि आकडा छान येतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, त्यामुळे खरी अडचण दिसते ती सूर्योदयाच्या आधी. दुसरी चूक जागेची. ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो तो नाल्याच्या तोंडाशी नव्हे, तर खाली काही अंतरावर. घाण पाण्यात मिसळते, जिवाणू ती खाऊ लागतात, खाता खाता ऑक्सिजन संपवतात, तोवर पाणी पुढे सरकलेलं असतं. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 मध्ये याचं गणित मांडलं. म्हणजे ज्या गावाजवळ मासे मरतात त्या गावाचा दोष असेलच असं नाही. हे आधी समजलं तर गावागावांतली पुष्कळ भांडणं टळतात.

किट नसेल तर दगड उलटा करा. वाहत्या, उथळ पाण्यातला तळहाताएवढा दगड हलकेच उचला, खालची बाजू पांढऱ्या ताटलीत धुवा आणि मिनिटभर शांत बघा. आधी काही दिसत नाही, मग ताटली हलू लागते. दोन शेपट्यांची चपटी अळी दिसली तर ती स्टोनफ्लाय, तिला भरपूर ऑक्सिजन लागतो. बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या कडांना हलणारे कल्ले असले तर मेफ्लाय. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी अळी कॅडिसफ्लायची. ही तिन्ही भेटली तर पाणी चांगलं आहे. फक्त लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या आणि बारीक लाल किडे मिळाले तर पाणी गुदमरलेलं आहे. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथे जगतात. किटमधला आकडा त्या क्षणाचा असतो, पण या अळ्या कित्येक आठवडे, महिने त्याच पाण्यात राहिलेल्या असतात. शाळेतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, मात्र काळ्या पाण्यात त्यांना उतरवू नका.

तिसरं मोजमाप नाल्याच्या प्रवाहाचं. नाल्याचा सरळ भाग निवडून 10 मीटर अंतर आखा. अर्धवट पाण्यात बुडेल असं काहीही, एखादं संत्रं किंवा अर्धी भरलेली छोटी बाटली, सोडा आणि किती सेकंद लागतात ते मोजा. रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार करा. वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून आलेल्या उत्तराला 0.85 नं गुणा.

एका उडीत ओलांडता येईल असा नाला घ्या. रुंदी 60 सेंटिमीटर, खोली 10 सेंटिमीटर, आणि 10 मीटरला 25 सेकंद. उत्तर येतं सेकंदाला सुमारे 20 लिटर, म्हणजे दिवसाला साधारण साडेसतरा लाख लिटर. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम असते. 250 धरली तर हा एवढासा नाला रोज सुमारे 440 किलो ऑक्सिजन मागतो. हवेतून नवा ऑक्सिजन मिसळला नाही, तर साडेपाच कोटी लिटर चांगल्या नदीच्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवायला तो पुरेसा आहे. हे गणित फळ्यावर लोकांसमोर करून दाखवा. अमुक तोंड का बंद झालं पाहिजे यावर मग भाषण करावं लागत नाही.

तिसरी पायरी: माणसं

'स्थानिक लोकांचा सहभाग' हे शब्द फार सहज लिहिले जातात. स्थानिक लोक म्हणजे एक माणूस नव्हे. वरच्या गावाला पाणी अडवायचं असतं, खालच्या गावाला वाहतं हवं असतं. मासेमारांना डोह हवा, वाळू काढणाऱ्याला तोच डोह उकरायचा असतो. कुणाचा कारखाना असतो आणि त्याच कारखान्यात शेजारच्या घरातला कर्ता मुलगा कामाला असतो. ही गुंतागुंत मान्य करून सुरुवात केली तरच काम टिकतं.

म्हणून सुरुवातीलाच मोठी सभा घेऊ नका. सभेत जे नेहमी बोलतात तेच बोलतात. आधी घरोघरी, कामाच्या जागी जा. कामावरून माणसं परतल्यावर, त्यांच्या सोयीच्या वेळी. बायकांशी वेगळं बोला, कारण पाण्याशी रोजचा संबंध बहुतेक त्यांचाच असतो आणि भरसभेत त्यांच्या वाट्याला बोलणं क्वचित येतं. पहिल्या भेटीत काहीही मागू नका. विचारा आणि लिहून घ्या. दुसऱ्या भेटीत, पहिल्यांदा काय ऐकलं ते वाचून दाखवा. आपण सांगितलेलं कागदावर उतरलं आहे हे पाहिल्यावर माणसं तुमच्यासोबत चालायला येतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. काठाला लागून असलेल्या गरीब वस्तीकडे बोट दाखवून काम सुरू करू नका. तिथे शौचालय नसेल, गटाराची नळी पोहोचली नसेल, कचऱ्याची गाडी येत नसेल तर त्या लोकांकडे पर्याय तरी कोणता आहे? वरच्या पक्क्या इमारतींचं सांडपाणी जमिनीखालून येतं, म्हणून ते दिसत नाही, एवढाच फरक. पूर आला की सगळ्यात आधी पाणी याच वस्तीत शिरतं, त्यामुळे नदी बरी व्हावी याची गरजही तिलाच सर्वाधिक असते. नदी सुधारणेच्या नावाखाली ही घरं उठवली गेली, तर तुमच्या कामावरचा विश्वास एका दिवसात जातो, आणि जायलाच हवा.

लोक एकत्र आल्यावर काय घडू शकतं याची दोन उदाहरणं माहीत असावीत. पंजाबातली काली बेईं ही सुमारे 160 किलोमीटर लांबीची नदी. तिच्या काठी, सुलतानपूर लोधीला, गुरू नानकांचं वास्तव्य होतं. ती गावांच्या सांडपाण्यानं आणि जलपर्णीनं भरून गेली होती. 2000 साली संत बलबीर सिंग सीचेवाल यांनी स्वयंसेवकांना घेऊन, स्वतः पाण्यात उतरून काम सुरू केलं. जलपर्णी काढली, काठ बांधले. पण त्यापलीकडचं काम जास्त मोलाचं ठरलं. गावांचं सांडपाणी नदीत सोडण्याऐवजी नळ्यांतून तळ्यात नेऊन, निवळवून शेतीला देण्याची पद्धत त्यांनी बसवली. गावाला पाणी मिळालं आणि नदीतली घाण घटली. फायदा गावाचाही झाला, म्हणून गावानं ते पुढे चालवलं.

दुसरं उदाहरण राजस्थानातल्या अरवरीचं. तिथे अडचण प्रदूषणाची नव्हती, नदीच आटली होती. तरुण भारत संघ या संस्थेच्या सोबतीनं गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे मातीचे छोटे बांध, बांधले आणि नदी पुन्हा वाहू लागली. मग प्रश्न उभा राहिला की हे पाणी कुणाचं. तेव्हा खोऱ्यातल्या सुमारे 70 गावांनी 1999 मध्ये 'अरवरी संसद' स्थापन केली आणि पाणी वापराचे नियम स्वतः ठरवले. सामाईक साधनं लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वापरणाऱ्यांनी नियम ठरवावेत, देखरेखही त्यांचीच असावी आणि पहिल्या चुकीला दंड छोटा असावा, या त्यांच्या मांडणीतल्या गोष्टी नदीच्या कामात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात.

तुमच्या गटातही कोण काय करणार हे लिहून ठेवा. नोंदवही कुणाकडे, पैशाचा हिशेब कुणाकडे, अधिकाऱ्यांशी कोण बोलणार. हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा. पैशावरून एकदा कुजबुज सुरू झाली की चांगला गटही फुटतो.

चौथी पायरी: नाल्यांची तोंडं

आता तुमच्याकडे क्रमांक दिलेले नाले आहेत, प्रवाहाचे आकडे आहेत, माणसं आहेत. यादी प्रवाहाप्रमाणे लावा. बहुतेक नद्यांवर असं दिसतं की तोंडं पन्नास असली तरी मोठा भार चार-पाच नाल्यांचा असतो. तिथून सुरुवात करा.

जिथे गटाराची मुख्य वाहिनी जवळ आहे तिथे मागणी एकच, जोडून द्या. पुष्कळदा वाहिनी असते पण तुंबलेली किंवा मध्येच तुटलेली असते, आणि शुद्धीकरण केंद्र असूनही त्याच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. म्हणून फक्त 'केंद्र आहे का' असं विचारू नका, 'काल त्यात किती पाणी आलं' असं विचारा. जिथे वाहिनी येणं शक्य नाही तिथे छोट्या, जागच्या जागी चालणाऱ्या व्यवस्था करता येतात: सेप्टिक टाकी, पुढे खडीचा थर आणि त्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडं. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात, वीज जवळपास लागत नाही. पण त्याला माणशी काही चौरस मीटर जागा लागते आणि गाळ वेळेवर उपसावा लागतो. तो कोण उपसणार हे ठरल्याशिवाय पहिली कुदळ मारू नका.

कारखान्याचं पाणी हे वेगळं प्रकरण. एकट्यानं आवारात शिरू नका, आरोप करू नका, तुम्ही बाटलीत भरलेला नमुना कुणी पुरावा म्हणून धरेल अशा आशेवर राहू नका. तारीख-वेळेसह फोटो, महिनाभराच्या नोंदी आणि दोन-तीन साक्षीदार तयार ठेवा, आणि ज्यांना कायद्यानं नमुना घेण्याचा अधिकार आहे त्यांना पाणी वाहत असतानाच बोलवा. लेखी तर द्याच आणि पोच घ्या.

कितीही लोक एकत्र आले तरी काही भार कायद्यानं आणि सरकारी पैशानंच उचलला जातो. लंडनच्या थेम्सला 1957 मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हटलं गेलं. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रं सुधारल्यावर तिच्यात जीव परतू लागले, 1974 मध्ये तिथे सामन मासा पुन्हा सापडला. अमेरिकेतल्या कायाहोगा नदीला 22 जून 1969 रोजी, त्याआधीही अनेकदा लागली होती तशी, आग लागली. पण या वेळी देशभर चर्चा झाली आणि 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यामागच्या दबावात तिचा वाटा राहिला. तुमच्या नोंदवहीची खरी जागा ही आहे. ती यंत्रणेच्या टेबलावर जाऊन पडली पाहिजे, पुन्हा पुन्हा.

पाचवी पायरी: आता सफाई

निदान मोठी तोंडं आटोक्यात येऊ लागली की मग पात्रात उतरा. जलपर्णी आधी. ती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून निम्मी काढून थांबलात तर श्रम वाया गेले. वरच्या अंगानं खाली काढत या, नाहीतर साफ केलेल्या भागात ती पुन्हा वाहत येते. काठावर ढीग ठेवू नका, पहिल्या पुरात तो परत पात्रात जातो. आणि ती वाढते सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर, त्यामुळे नाले वाहतेच राहिले तर ती येतच राहणार.

गाळाच्या बाबतीत सावध राहा. ज्या नदीत कारखान्यांचं पाणी गेलं आहे तिच्या तळात जड धातू आणि रसायनं दबून बसलेली असतात. यंत्र लावून गाळ ढवळला की ती पुन्हा पाण्यात येतात. अमेरिकेतल्या हडसन नदीच्या तळात अनेक दशकं साचलेलं पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन काढायला 2009 ते 2015 एवढा काळ लागला, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. गाळ आधी तपासून घ्या, आणि तपासणीशिवाय तो शेतात टाकू नका. पात्र सरळ आणि सपाटही करू नका. दगड, वळणं, उथळ खळाळ आणि डोह यांतूनच पाण्यात हवा मिसळते.

पाण्यात पावडर किंवा द्रावण टाकून नदी शुद्ध करण्याचे प्रस्ताव तुमच्याकडे येतील. वाहत्या नदीत, नाले तसेच चालू असताना, ते पैसे पाण्यात जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरक्षेची एक गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ असली पाहिजे: मॅनहोलमध्ये, बंद गटारात, खोल टाकीत कुणीही उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस सावध होण्याआधी कोसळतो. त्याला वाचवायला उतरणारा दुसराही तिथेच पडतो. काठावरच्या कामातही गमबूट आणि जाड हातमोजे हवेत, अंगावर जखम असेल तर पाण्यात जायचं नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. काम केल्यावर काही दिवसांत ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना 'घाण पाण्यात काम केलं होतं' हे आवर्जून सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिसचा संशय वेळेत येणं महत्त्वाचं असतं.

काठ आणि झाडं

इथे थोडक्यात. त्याच नदीच्या वरच्या, निरोगी भागात जी गवतं, झुडपं आणि झाडं दिसतात तीच लावा. पाण्यालगत गवत, मग झुडपं, मग मोठी झाडं. निम्मं काम गुरांपासून राखण्याचं आहे, लावण्याचं नाही. काठाला सिमेंटची भिंत नको, भराव टाकून पात्र अरुंद करणं तर अजिबात नको. बागा आणि पायवाटा सुंदर असतात, पण त्यांच्या खालून काळं पाणी वाहत असेल तर निधी चुकीच्या जागी गेला.

पुन्हा मोजा

नदीच्या कामाला वर्षं लागतात. इंग्लंडमधल्या मर्सी नदीसाठी 1985 मध्ये मोहीम सुरू झाली तीच 25 वर्षांचा काळ धरून. तुम्ही निदान तीन वर्षांचं वेळापत्रक मनाशी धरा: पहिल्यात चालणं, मोजणं आणि माणसं, दुसऱ्यात एखादा मोठा नाला, तिसऱ्यात सफाई आणि काठ. एकच नाला पूर्ण बंद झाला तरी खालच्या किलोमीटरभरात फरक दिसतो. तो लोकांना नेऊन दाखवा.

दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागांवर, सूर्योदयाआधी त्याच वेळी ऑक्सिजन मोजा आणि तेच खळाळ गाठून दगड उलटे करा. आकडे काठावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील अशा फळ्यावर लिहा. एखाद्या वर्षी ते घसरले तर तेही त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला चालत जाऊन कोणतं तोंड नव्यानं उघडलं आहे ते शोधा.